कोणत्या उंदरावर, तेवढे छापा

संपादक महोदय,
झोपेसाठी मेलाटोनिन या संप्रेरकाच्या गोळ्या आता आमच्या यावल-रावेरकडेही मेडिकलवर मागितल्या जातात. सोबत ‘मेलाटोनिनने चरबीही झडते, उंदरांवर सिद्ध झाले आहे’ असा व्हॉट्सॲप मेसेज असतोच.

उंदीर मुळात निशाचर. आपल्यासारखेच त्याच्याही शरीरात मेलाटोनिन रात्री स्रवते. पण तेव्हा तो झोपत नाही, केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या कुरतडत असतो! (ते बिल वेगळे.) या प्राण्यांना मेलाटोनिन सांगते ते रात्र किती लांबली, एवढेच. सायबेरियन हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्यात हे ठळक दिसते. रात्री लांबल्या की मेलाटोनिन जास्त तास स्रवते, मग नराचे वृषण आक्रसतात, वजन घटते, करडी लव पांढरी होते. मेलाटोनिन बनवणारी मेंदूतली पिनियल ग्रंथी काढून टाकली, तर दिवस लहान होऊनही हे बदल होत नाहीत. त्याचाच भाऊबंद सीरियन हॅमस्टर मात्र लहान दिवसांत वजन वाढवतो. आणि प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘सी ५७ ब्लॅक ६’ या काळ्या उंदरांच्या शरीरात मेलाटोनिन जेमतेमच बनते.

एका जातीचे वजन उतरते, दुसरीचे चढते. मग ‘मेलाटोनिनने चरबी झडते’ हे कोणाच्या जिवावर सांगायचे? आपल्या आरोग्य पुरवणीत अशी बातमी घेताना प्राणी कोणता, मात्रा किती आणि ती दिवसाच्या कोणत्या वेळी दिली, या तीन गोष्टी कृपया छापाव्यात. जागा कमी पडत असेल, तर फोटो लहान करा.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, यावल (जि. जळगाव)