साहेब, पालक सभा संध्याकाळी घ्या

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नववी-दहावीच्या पालक सभांची वेळ आणि त्यात काय सांगावं याबद्दल

स. न. वि. वि.

मी सिन्नरला राहते. मुसळगावच्या एमआयडीसीत पॅकिंगला आहे, कंत्राटी. थोरली 2025 साली दहावी झाली, धाकटा नववीत आहे. त्यामुळे हायस्कूलच्या पालक सभा मी बऱ्याच बघितल्या आणि त्याहून जास्त बुडवल्या.

सभेचा निरोप साधारण रात्री साडेनऊला ग्रुपवर येतो. 'उद्या सकाळी 11 वाजता पालक सभा. सर्व पालकांनी वेळेवर उपस्थित राहावे.' माझी पहिली पाळी सातला सुरू होते. रात्री साडेनऊला सुपरवायझरला फोन करून सुट्टी मागितली तर तो काय बोलेल ते इथं लिहिण्यासारखं नाही. एक खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जातो आणि महिन्याचा हजेरी बोनसही जातो. सभेला तिकीट नसतं म्हणतात, पण मला ते पडतं.

बरं, एवढं करून गेलं तर तिथं काय होतं? दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मग मोबाईलमुळे पिढी कशी बिघडली यावर भाषण. भाषण चालू असताना पाहुण्यांचाच फोन दोनदा वाजला, ते जाऊ द्या. मग चाचणीचे गुण सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. ज्याच्या पोराला कमी, त्याच्या आईनं मान खाली घालायची. 'ताई, घरी लक्ष देत नाही का तुम्ही?' असं मला चाळीस माणसांत विचारलं गेलंय. शेवटी स्नेहसंमेलनाची वर्गणी आणि हजेरीच्या कागदावर सही. या सहीसाठीच सभा होती की काय, असा संशय मला दर वेळी येतो.

जे सांगायला हवं होतं ते कुणी सांगितलंच नाही, आणि त्याची किंमत माझ्या मुलीनं मोजली.

आमच्याकडे अकरावीचा प्रवेश सोपा होता. निकाल लागला, कॉलेजच्या खिडकीतून अर्ज आणला, भरला, झालं. ऑनलाइन अकरावी ही मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांची भानगड होती. 2025-26पासून आपल्या खात्यानं ती सगळ्या राज्याला लागू केली. निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही, खिडकीवरच्या वशिल्याला त्यानं थोडा तरी आळा बसला असेल. पण 13 मे 2025ला निकाल लागला तेव्हा आमच्या शाळेतल्या एकाही पालकाला ऑनलाइन फॉर्मचे भाग एक, भाग दोन, पसंतीक्रम, कोटा हे शब्द माहीत नव्हते. 21 मेला संकेतस्थळच बंद पडलं आणि 26 तारखेपासून पुन्हा सुरू झालं. मधल्या दिवसांत शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. विचारायचं कुणाला? आम्ही नेट कॅफेतल्या पोराला विचारलं.

तो म्हणाला, दहापर्यंत कॉलेजं टाकता येतात. आम्ही म्हटलं, पहिलं नाशिकचं मोठं कॉलेज टाकून बघू, मिळालं तर मिळालं, नाहीतर सिन्नरचं आहेच. मिळालं. आणि मग कळलं की पहिल्या पसंतीचं मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो; नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. 'टाकून बघू' ही सोय त्या फॉर्ममध्ये नव्हतीच. घरापासून दहा मिनिटांवर कॉलेज असताना माझी मुलगी पहाटे पावणेसहाच्या एसटीनं नाशिकला जाते. तक्रार करत नाही ती. पण बसमध्ये उभ्यानं झोपते असं तिची मैत्रीण सांगते.

त्या मैत्रिणीचं वेगळंच. तिनं अकरावी सायन्सला गणित सोडलं, कारण गणिताची भीती. पीसीबी, म्हणजे गणिताशिवाय फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी, घेतलं तर इंजिनिअरिंगचं दार लागतं, हे तिला दिवाळीनंतर कळलं. तिच्या वडिलांना तर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हेही ठाऊक नव्हतं. ते स्वतः वेल्डर आहेत. आयटीआय म्हणजे नापास पोरांची जागा, असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं.

आणखी एक. सिन्नर हे विडीचं गाव. आमच्या गल्लीत अजून बायका विड्या वळतात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती असते. शेजारच्या मावशींकडे विडीचं कार्ड वीस वर्षांपासून आहे. त्यांच्या दोन्ही मुली शाळा संपवून बाहेर पडल्या, अर्ज एकदाही केला नाही. एनएमएमएस या केंद्राच्या दुसऱ्या शिष्यवृत्तीचंही तसंच. आठवीत परीक्षा द्यायची, निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12 हजार रुपये. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेतलं हवं. आमच्या वस्तीतली निम्मी घरं यात बसतील. पण आठवीच्या सभेत आम्ही शाल-श्रीफळ बघत बसलो होतो.

आणि दहावीची पूर्वयादी! बोर्डाकडून येते, त्यात मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख तपासून सही करायची असते. मुलं धावत येऊन सही करून जातात. आईबापांना ती दाखवली तर किती घरांची पुढची पायपीट वाचेल. माझ्याच नावातली वेलांटी चुकली होती. मुलीच्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर बोर्डाच्या प्रमाणपत्रावर मी आयुष्यभर वेगळीच बाई राहिले असते.

साहेब, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21नं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. मूल नववीत गेलं, मिसरूड फुटलं, दार लावून बसायला लागलं, म्हणजे आईबापांना खरी गरज लागली, की कायदा म्हणतो आता तुमचं तुम्ही बघा. माध्यमिकला समित्या आहेत, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलकही आमच्या शाळेत लागलाय. त्यावरच्या ताईंना भेटायचं कधी, ते मात्र त्यावर लिहिलेलं नाही.

माझी मागणी मोठी नाही. नववी आणि दहावीच्या पालक सभा संध्याकाळी साडेसहानंतर किंवा रविवारी घ्यायचा आदेश काढा. निरोप आठ दिवस आधी द्या. वर्षातली एक सभा फक्त माहितीची ठेवा. तिथं गुण वाचायचे नाहीत, वर्गणी मागायची नाही, सत्कार तर नाहीच. अकरावीचा फॉर्म पडद्यावर उघडून भरून दाखवा, पसंतीक्रमाचा नियम दोनदा सांगा. आयटीआयचे एखादे निदेशक बोलवा, गेल्या वर्षी प्रवेश घेतलेली चार मुलं बोलवा; ती जे सांगतील ते पुस्तिकेत नसतं. आणि हे नववीत करा. निकालानंतर सांगून काय उपयोग?

ऊसतोडीला गेलेल्यांचं काय, हेही बघा. आमच्या जिल्ह्यातूनही माणसं दिवाळीनंतर जातात ती उन्हाळ्यातच परततात. त्यांच्यासाठी सभा जुलै-ऑगस्टमध्येच व्हायला हवी.

शिक्षकांवर याचा बोजा टाकू नका मात्र. मतदारयाद्या त्यांनी करायच्या, सर्वेक्षणं त्यांनी करायची, वर रात्री आठपर्यंत आम्हाला समजावत बसायचं, हे बरोबर नाही. त्या दिवसाची बदली सुट्टी त्यांना द्या. आमच्या वर्गशिक्षिका मॅडम स्वतः पंचवीस किलोमीटरवरून येतात, त्यांच्याही घरी दहावीची मुलगी आहे. तिच्या शाळेच्या सभेला त्या तरी कधी जात असतील?

येत्या शनिवारी सकाळी 11 वाजता धाकट्याची सभा आहे. निरोप काल रात्री आला. माझी पहिली पाळी आहे, म्हणून या वेळी थोरलीला पाठवते आहे. ती कॉलेज बुडवून जाईल.

आपली,
नववी 'ब'मधल्या एका मुलाची आई
ता. सिन्नर, जि. नाशिक