हेमार्केट आणि गव्हर्नर आल्टगेल्ड

संपादक महोदय,

कामगार दिनाच्या लेखांत शिकागोतल्या हेमार्केट खटल्याच्या (१८८६च्या कामगार सभेत पोलिसांवर पडलेल्या बॉम्बचा खटला) फाशा हमखास येतात. इलिनॉयचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड मात्र राहून जातात. २६ जून १८९३ रोजी त्यांनी याच खटल्यात शिक्षा होऊन तुरुंगात असलेल्या फील्डन, नीबी आणि श्वाब यांना माफी दिली. नुसती दया दाखवली असती, तर फारसे कुणी बोलले नसते. पण त्यांनी खटल्याचेच वाभाडे काढले: ज्यूरीची नावे चिठ्ठ्यांनी न काढता खास नेमलेल्या बेलिफाने (न्यायालयाच्या कर्मचाऱ्याने) हवी ती माणसे गोळा केली, न्यायाधीश गॅरी पक्षपाती होते. वृत्तपत्रे तुटून पडली. १८९४च्या पुलमन या रेल्वे कामगारांच्या संपात न विचारता लष्कर धाडल्याबद्दल त्यांनी स्वपक्षाच्याच अध्यक्ष क्लीव्हलंड यांना तारेने जाब विचारला. १८९६च्या निवडणुकीत गव्हर्नरपद गेले. आणि जन्म जर्मनीतला, म्हणजे अध्यक्षपदाची वाट घटनेनेच बंद.

– एक वाचक