फोटो कागदाच्या पाकिटावरील ‘100 वर्षे टिकणारे रंग’ या दाव्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आमच्या वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवाच्या छायाचित्रांच्या प्रती आम्ही गेल्या वर्षी आपल्या ग्लॉसी फोटो कागदावर काढून भिंतींवर लावल्या. त्यांपैकी काचेविना लावलेल्या प्रतींचे रंग वर्षाच्या आतच बिघडले. त्यावर आपल्या प्रतिनिधीने ‘छायाचित्रांवर ऊन पडले असावे, त्यामुळे कंपनी जबाबदार नाही’ असे कळवले आहे. हे उत्तर मला मान्य नाही.

बिघडलेल्या प्रती जिन्यालगतच्या बोळात आहेत. तिथे ऊन कधीच येत नाही, भर दुपारीही दिवा लावावा लागतो. रहदारीच्या रस्त्याकडची खिडकी मात्र सदैव उघडी असते. याउलट त्याच पाकिटातल्या कागदावर, त्याच प्रिंटरच्या मूळ शाईने काढलेली प्रत वाचनकक्षात लख्ख उजेडात, पण काचेआड आहे आणि तिचे रंग जसेच्या तसे आहेत. बोळातल्या एका प्रतीचा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) सोडवून पाहिला, तेव्हा त्याच्या कडेखाली दबलेली आकाशाची बोटभर पट्टी निळी निघाली आणि तिला लागून असलेले उघडे आकाश फिकट नारिंगी झालेले दिसले. म्हणजे सायन (निळसर) शाई उडाली, मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळी मागे राहिली. कमी उजेडातली प्रत बिघडते आणि जास्त उजेडातली टिकते, याचा दोष उन्हाला कसा देता येईल?

हा प्रकार हवेतल्या ओझोनचा, म्हणजे शाईचे रंग उडवणाऱ्या वायूचा आहे आणि तो आपल्या व्यवसायात नवा नाही. 2000 साली अमेरिकेत अशाच कागदावरची छायाचित्रे नारिंगी पडल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. आपल्या कागदावर सिलिकासारख्या कणांचा सच्छिद्र थर आहे. शाई त्या छिद्रांत चटकन शिरते, म्हणून प्रत हातात येताच कोरडी लागते; पण छिद्रे पुढेही उघडीच राहतात आणि हवा थेट रंगापर्यंत पोहोचते. जिलेटिनसारखा फुगणारा थर असता तर सुकायला वेळ लागला असता, पाण्याचा थेंब पडल्यास डाग उठला असता, पण रंग त्या थरात बंदिस्त राहिला असता. पिगमेंट शाईत रंग न विरघळलेल्या कणांच्या रूपात असतो आणि हे कण तुलनेने मोठे असल्याने सच्छिद्र थरावरही ती चांगली तग धरते. आमच्या प्रिंटरमध्ये असलेली डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, तशी नसते.

तरीही पाकिटावर ‘सर्व इंकजेट प्रिंटरसाठी’, ‘क्षणात सुकतो’ आणि ‘100 वर्षे टिकणारे रंग’ ही तिन्ही वाक्ये एकाखाली एक छापलेली आहेत. घाईतल्या ग्राहकाला दुसरे वाक्य आवडते, त्याबद्दल माझी हरकत नाही. परंतु डाय शाई आणि उघडी हवा असेल तर त्याच गुणामुळे तिसरे वाक्य खोटे ठरते. असे आयुष्य बहुधा काचेआडच्या प्रतीवर प्रखर प्रकाश टाकून, रोज 12 तास 450 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) असा हिशेब धरून काढतात. आपला आकडा कोणत्या शाईवर, काचेसह की काचेविना काढला आणि ओझोनची चाचणी झाली का, याचा पाकिटावर कुठेही उल्लेख नाही.

तरी कागदाची व वाया गेलेल्या शाईची किंमत परत करावी, ‘100 वर्षां’मागचा चाचणी अहवाल पाठवावा आणि शाईचा प्रकार व काचेची अट पाकिटावर, दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावी. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार दाखल करावी लागेल.

आपला,
कार्यवाह, सार्वजनिक वाचनालय

सोबत : खरेदीची पावती, पाकिटाचे दर्शनी पान, माउंट काढलेल्या प्रतीचे छायाचित्र