विषय: पल्पर रिजेक्टच्या उष्मांकाचा तुमचा अहवाल

प्रति,
तांत्रिक व्यवस्थापक, इंधन चाचणी विभाग

शेजारच्या पेपर मिलचा पल्पर रिजेक्ट (रद्दीचा लगदा करताना वेगळा निघणारा प्लास्टिकमिश्रित कचरा) आम्ही बॉयलरसाठी घेतो आणि पैसे किलोकॅलरीवर मोजतो. तुम्ही जीसीव्ही, म्हणजे एकूण उष्मांक, दिलात किलोला ५,८०० किलोकॅलरी. कोणत्या आधारावर, ओल्या मालावर की कोरड्या, ते कुठेच नाही. १०५ अंशांवर वाळवलेला माल बाँबमध्ये (उष्मांक मोजायच्या बंद भांड्यात) जाळला की एवढा येणारच. भट्टीत मात्र तो ४२ टक्के ओलावा घेऊन पडतो. हा ओलावा तुमच्याच दुसऱ्या पानावर आहे. ५,८०० गुणिले ०.५८ म्हणजे ३,३६४. त्यातून मूळचा ओलावा आणि ८ टक्के हायड्रोजन (कोरड्यावर, आकडा तुमचाच) जळून होणारे पाणी, यांची वाफ करायला सुमारे ४९० जातात. हाती उरतात २,८७०. निम्मे!

नमुन्याची तऱ्हा वेगळीच. तुमच्या माणसाने ढिगाच्या माथ्यावरून एक पिशवी भरली. माथ्यावर सुकलेले प्लास्टिक असते. वाळू, पिना, ओला लगदा तळाला. गाडी रिकामी होताना ठिकठिकाणचा माल उचलायचा, ढीग करून चौथाई करत (चार भाग करून समोरासमोरचे दोनच ठेवत) कमी करत आणायचा, हे आम्ही तुम्हाला शिकवायचे? दळण्याआधी खडे-धातू वेचलेत ते ठीक, पण त्यांचे वजन कुठे आहे? बाँबमध्ये जेमतेम ग्रॅमभर जाते. वेचलेले वजा केले नाही तर आकडा फुगतोच.

कार्यादेशात क्लोरीन होते, अहवालात नाही. रिजेक्टमध्ये पीव्हीसी येते आणि त्याच्या वजनाचा ५७ टक्के भाग क्लोरीन असतो. तो क्लोरीन सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्या खातो, आमच्या, तुमच्या नव्हे.

शेवटच्या फोनवर तुमच्या प्रतिनिधीने विचारले, "आकडा जास्त आलाय, मग तक्रार कसली?" म्हटले, पैसे आकड्यावर देतो. "मग पुरवठादाराशी बोला ना." म्हटले, आधार सांगा. "सर, सिस्टीममध्ये तसा रकाना नाही." नमुन्याबद्दल विचारले, तर "अहवाल फक्त ग्राहकाने सादर केलेल्या नमुन्यापुरता असतो." पिशवी भरून नेणारा गणवेशातला माणूस मग आमचा होता वाटते! वर "आणखी काही सेवा?" हेही विचारून झाले. नमुना तुम्ही घेतलात तर तो कसा घेतला, हे अहवालात लिहायला आयएसओ/आयईसी १७०२५ हे प्रयोगशाळांचे मानक सांगते. प्रमाणपत्र तुमच्या स्वागतकक्षात टांगलेलेच आहे, वाचा कधीतरी.

सुधारित अहवाल सात दिवसांत हवा: जसा आला तसा, हवेत वाळलेला, कोरडा, तिन्ही आधार नावानिशी, एनसीव्ही (वाफेत जाणारी उष्णता वजा करून उरणारा निव्वळ उष्मांक) आणि क्लोरीनसह. आधार लिहा, पुन्हा सांगतो. नाहीतर तक्रार तुम्हाला मान्यता देणाऱ्या एनएबीएलकडे जाईल आणि बिल अडकून राहील. राखीव नमुना तोवर फेकू नका. तो सीलबंद दुसऱ्या प्रयोगशाळेत जाणार आहे.

व्यवस्थापक, बॉयलर विभाग