पेढीवरच्या दिवाणजींना, ऑडिटवाल्या पोरीकडून

दिवाणजी, सादर नमस्कार.

सीए फायनलचे दोन्ही ग्रुप निघाले, हे तुम्हाला सरांकडून कळलं असेलच. आभार मानायला पेढीवर आले असते तर तुम्ही चहा मागवला असता, घरच्यांची चौकशी केली असती आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "बरं बरं" म्हणत वहीत डोकं घातलं असतं. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. नातू मोबाईलवर वाचून दाखवेल.

क्लासच्या सरांचे, आई-बाबांचे, परीक्षेआधी रजा देणाऱ्या आमच्या सरांचे आभार मानून झाले. तुमचे राहिले, कारण आपण हिला काही शिकवतोय असं तुम्हाला कधी वाटलंच नसणार. ऑडिटला आलेल्या आर्टिकलच्या, म्हणजे सीएच्या ऑफिसातल्या शिकाऊ पोरीच्या, प्रश्नांना तुम्ही उत्तरं देत होतात, तीही गुळाचे सौदे चालू असताना, थोडं वैतागूनच.

आठवतं का, मी विचारलं होतं की एवढ्या गुळाची विक्री झाली, मग पेढीचं उत्पन्न एवढंसंच कसं? तुम्ही एका शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, माझ्यापुढे टाकलीत. रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती, आगाऊ दिलेली उचल किती वळती केली, म्हणजे कापून घेतली. मग म्हणालात, "आधी बघ, माल कुणाचा. बुडालं तर कुणाचं बुडतंय. आकडा मागनं बघ." गूळ शेतकऱ्याचा, भाव पडला तर नुकसान त्याचं, आपली फक्त अडत, म्हणजे विक्रीवरचं कमिशन. स्वतः माल घेऊन विकणाऱ्याची गोष्ट वेगळी, तिथं सगळी विक्री त्याचीच.

हे तुम्ही कुठं वाचलं नव्हतं, पण प्राप्तिकर खात्याच्या १९८६ च्या परिपत्रक क्रमांक ४५२ मध्ये नेमकं हेच आहे. कच्च्या अडत्याची (दुसऱ्याचा माल विकून देणाऱ्याची) उलाढाल म्हणजे त्याची अडत, पक्क्या अडत्याची (स्वतः माल घेऊन विकणाऱ्याची) म्हणजे पूर्ण विक्री. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ४४एबीखाली ऑडिट लागू होतं का, हे त्यावरून ठरतं. फायनान्शियल रिपोर्टिंगच्या पेपरला इंड एएस ११५ या हिशेबाच्या मानकात तोच प्रश्न 'प्रिन्सिपल की एजंट' (मालक की मध्यस्थ) या नावाने येतो. ग्राहकाच्या हाती जाण्याआधी मालावर ताबा कुणाचा होता, हे तिथं विचारतात. जीएसटीत २०१८ च्या परिपत्रकाने कसोटी लावली ती बिल कुणाच्या नावाने फाटतं याची. तीन पेपर, तीन कायदे, तीन वेगळ्या कसोट्या. बाकीच्या मुली त्या तीन ठिकाणी पाठ करत होत्या. मी प्रत्येक वेळी तुमच्या पट्टीपासून सुरुवात करायची आणि मग हा कायदा कुठं वेगळा वळतो ते बघायची. शेवटचा पेपर तर पुस्तकं उघडी ठेवून लिहायचा असतो. तिथं पुस्तकात काय शोधायचं हेच ठाऊक नसेल तर गठ्ठा नुसता बाकावर राहतो.

बाकी-पत्रांचंही, म्हणजे 'एवढी बाकी माझ्याकडे आहे' असं समोरच्याकडून लिहून घेण्याचंही, तसंच. उचल दिलेल्या शेतकऱ्यांकडून सह्या आणायला मी निघाले तेव्हा तुम्ही हसलात. "सही काय, तू सांगशील तिथं करतील. पुढच्या हंगामाच्या पट्ट्या काढ, वळती झालीय का बघ." ऑडिटच्या पुस्तकात एसए ५०५ या ऑडिटच्या मानकात, उत्तर आलं नाही तर नंतरची वसुली तपासा, असं लिहिलंय. ते वाचताना मला तुमच्या पट्ट्यांची फाईलच दिसत होती.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. तेरीज (जमा-नावेच्या बेरजांचा ताळा) जुळल्याशिवाय तुम्ही घरी जात नाही. फरकाला नऊने भाग जातो का बघायचं, म्हणजे आकडे उलटसुलट पडलेत. फरकाचा निम्मा आकडा शोधायचा, म्हणजे नावेची नोंद जमेला गेली आहे. या दोन्ही युक्त्या तुमच्याच, आणि ऑफिसात रोज कामी येतात. पण परीक्षेत तीन तासांत ताळेबंद जुळला नाही तर तसाच सोडून पुढच्या प्रश्नाला हात घालावा लागतो. कारण टप्प्याटप्प्याचे गुण मिळतात आणि कोऱ्या पानाला काहीच मिळत नाही. न जुळलेला ताळेबंद मागे ठेवून पान उलटताना तुमचा चेहरा डोळ्यांपुढे येऊ नये म्हणून मी प्रयत्न केला, खरं सांगते.

पास व्हायला काय लागतं, असं तुम्ही विचारलं होतंत. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के, असं सांगितल्यावर तुम्ही क्षणभर थांबून म्हणालात, "मग वसुली जिथं होतीय तिथं आधी जा." सगळे मला कच्चे विषय पक्के कर म्हणत होते. मी ऑडिट आणि टॅक्सला झुकतं माप दिलं आणि जड पेपर ४० च्या वर सुखरूप राहील एवढाच केला. हे प्रत्येकाला लागू पडेल असं नाही. मला पडलं.

आता एक विनंती. सरांकडे नवे आर्टिकल आलेत. क्लासमध्ये हुशार आहेत, पण पट्टी म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. हंगामात तुम्हाला त्रास देत नाही. एप्रिलनंतर आवक ओसरली की एका दुपारी त्यांना पेढीवर घेऊन येऊ का? चहा आमच्याकडून. मालकांना मी विचारलंय, ते हो म्हणालेत. तुम्ही काय म्हणता, एवढंच राहिलंय.

तुमची,
ऑडिटवाली पोरगी