पैसे आपले, गेम कंपनीचा

लॅमिंग्टन रोडवरून आणलेली व्हिडीओ गेमची एक कॅसेट आमच्या गिरगावच्या चाळीत चार घरं फिरायची. (फुंकर मारल्याशिवाय चालायची नाही, ते सोडा.) आता मुलाने पैसे मोजून घेतलेले गेम एकाच कंपनीच्या खात्यात अडकलेत. दुसऱ्या कंपनीचा कन्सोल (गेम खेळायचं यंत्र) आणला, तर तेच गेम पुन्हा विकत घ्या! ‘व्हल्कन’ हे गेममधली चित्रं पडद्यावर उमटवण्याचे, कोणत्याही कंपनीला वापरता येणारे खुले मानक २०१६ पासून आहे, पण सोनीच्या प्लेस्टेशन आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलच्या चुली वेगळ्याच. त्यात मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलरना अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी बडी कंपनी गिळली.

मोबाइलवरही तीच गत. प्ले स्टोअरवर स्वतःचीच बिलिंग पद्धत लादल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये गूगलला ९३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात तो २०२५ मध्ये २१६ कोटींवर आला. एवढा दंड या कंपन्यांच्या खिजगणतीतही नसावा. युरोपीय महासंघाने फोनच्या चार्जिंगसाठी टाइप-सी सक्तीचे केले. तसाच विकत घेतलेला गेम दुसऱ्या कन्सोलवर नेण्याचा हक्क आपल्या ग्राहक कायद्यात का नसावा?

– एक पालक, गिरगाव, मुंबई