ठिपका सापडला, पण तो कशाचा?

वडगाव, बेळगाव
४ जून २०२३

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात जांबोटीच्या माळावर, सप्तर्षींतल्या वसिष्ठ आणि मरीची यांच्या जवळच्या एम १०१ दीर्घिकेतला तो अतिनवतारा दुर्बिणीतून पाहून तू विचारले होतेस, "तारा फुटला म्हणतोस, पण कसा फुटला हे एवढ्याशा उजेडावरून कुणी कसे सांगावे?" तेवढ्यात वळीव आला, दुर्बीण गुंडाळून आपण घाईने निघालो आणि उत्तर राहून गेले. ते आज लिहितो.

ठिपका शोधणे हे निम्मे काम. माझे वडील मागावरून उतरलेली साडी दारातल्या उजेडात धरून पाहत, तेव्हा हजारो सारख्या धाग्यांतला तुटलेला एक धागा त्यांना आधी दिसे, हे तुला आठवत असेल. आकाशाचे सर्वेक्षण असेच चालते. कॅलिफोर्नियातील पालोमार येथे २०१८ पासून ४८ इंची दुर्बीण ठरावीक रात्रींच्या अंतराने सबंध उत्तर आकाश टिपते. तिच्या एका छायाचित्रात पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र मावतील. नव्या छायाचित्रातून संगणक जुने छायाचित्र वजा करतो आणि जे उरते, ते बदललेले असते. मात्र त्यात लघुग्रहही असतात आणि एरवीच कमीजास्त होणारे तारेही, म्हणून उरलेला प्रत्येक ठिपका अतिनवतारा नसतो.

खरा निवाडा वर्णपट करतो. ठिपक्याचा प्रकाश रंगांत पसरला की त्यात उमटलेल्या रेषांवरून कोणते मूलद्रव्य आहे आणि कोणते नाही, ते कळते. खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी १९४१ मध्ये याच आधारावर दोन गट पाडले : हायड्रोजन नसलेला पहिला, असलेला दुसरा. पहिल्यातल्या 'एक-ए' प्रकाराची खूण मला फार आवडते. सिलिकॉनची ६३५ नॅनोमीटरजवळची रेषा तिथे ६१५ च्या आसपास, निळ्या बाजूला सरकलेली, खोल खाच होऊन दिसते, कारण तो वायू सेकंदाला सुमारे दहा हजार किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असतो. एका खाचेवरून द्रव्यही कळते आणि वेगही! हा प्रकार म्हणजे श्वेतबटूचा, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या लहान ताऱ्याचा, स्फोट. 'एक-बी' आणि 'एक-सी' मात्र बाहेरचे थर गमावलेल्या महाकाय ताऱ्यांचे, दुसऱ्या गटाप्रमाणेच गाभा कोसळून होणारे. मरणाच्या कारणाने ते दुसऱ्या गटाचे सख्खे भाऊ, तरी हायड्रोजन दिसत नाही म्हणून पहिल्यात बसवलेले. ही मांडणी रूपावरून झाली, कारणावरून नाही, हे तिचे वैगुण्य मला नेहमी खटकते.

आता आपल्या ठिपक्याविषयी. १९ मे रोजी तो प्रथम कळवला तो जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी. पालोमारच्या त्याआधीच्या छायाचित्रांतही तो होता, हे मागाहून लक्षात आले. पुढच्या पाचेक तासांतच ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीने वर्णपट घेऊन त्याला दुसऱ्या गटात टाकले. घाई का करायची, हे या वर्णपटात दिसते. त्यात आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, हेलियम, कार्बन, नायट्रोजन यांच्या बारीक, तेजस्वी रेषा होत्या. मरण्यापूर्वी ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेला संथ वायू स्फोटाच्या प्रकाशाने उजळला होता. स्फोटाचा लोट त्या वायूला गिळत गेला आणि आठवडाभरात रेषा मावळल्या. दहा दिवस उशीर झाला असता, तर ताऱ्याच्या अखेरच्या काळाची ती साक्ष कुणालाच मिळाली नसती. दोन कोटी वर्षे वाट चाललेल्या प्रकाशातली ही गोष्ट वाचायला माणसाजवळ मोजके दिवस होते आणि त्या दिवसांत लडाखमधल्या हानलेची, शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाची हिमालयन चंद्र दुर्बीणही तिकडेच रोखलेली होती, याचा मला मनापासून आनंद आहे.

कालच वटपौर्णिमा झाली, त्यामुळे चंद्र उतरेपर्यंत थांबायला हवे. अमावस्येच्या आसपास आभाळ मोकळे असले तर निपाणीहून दुपारच्या गाडीने निघ, मुक्कामाला ये. ठिपका अजून दुर्बिणीत दिसतो आहे.

तुझा,
रघुनाथ